नववीच्या मुलांना घेऊन रतनगड ते हरिश्चंद्रगड : आखणी तपासून हवी आहे

भूगोलाच्या_बाई

नमस्कार. मी नाशिकमधील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. दरवर्षी आमच्या नववीची सहल बसने जाते आणि बसनेच येते. मुले खिडकीतून डोंगर पाहतात आणि ढाब्यावर उतरून जेवतात. यंदा मुख्याध्यापकांनी वेगळ्या प्रस्तावाला तत्त्वतः होकार दिला आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून पाठीवर सॅक घेऊन चार दिवस चालत जायचे, असा माझा विचार आहे. एकूण 28 विद्यार्थी आहेत, त्यांपैकी 13 मुली. वय 14 ते 15. शाळेचे चार शिक्षक बरोबर असतील, त्यांत माझ्यासह दोन स्त्रिया. मी स्वतः महाविद्यालयात असताना या दोन्ही गडांवर गेले आहे, पण मुलांना घेऊन कधीच नाही.

माझी कच्ची आखणी अशी आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, नाताळच्या सुट्टीत निघायचे. पहिल्या दिवशी रतनवाडीहून रतनगड चढून गडावरच्या गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी गड उतरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतमार्गे थेट पाचनई. तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगड चढून वर मुक्काम, संध्याकाळी गडावरचा कोकणकडा. चौथ्या दिवशी टोलारखिंडीतून खिरेश्वरला उतरायचे आणि तिथून बसने परत. शिधा, भांडी, गॅस हे सगळे मुलांमध्ये वाटून द्यायचे, म्हणजे स्वतःचे ओझे स्वतः वाहण्याची सवय लागेल, अशी माझी कल्पना आहे.

ही आखणी या वयाच्या मुलांना झेपेल का, कुठे चुकते आहे आणि पालकसभेत मला कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतील, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. उत्तर स्पष्ट असले तरी चालेल.

पिछाडीचा_माणूस

बाई, स्पष्ट चालेल म्हणालात म्हणून आधी तेच लिहितो. मार्ग उत्तम निवडला आहे, पण ही आखणी महाविद्यालयातल्या तुमच्या पायांनी केलेली आहे. गेली अनेक वर्षे मी शाळकरी गटांबरोबर बहुधा सगळ्यात शेवटी चालतो (नाव त्यावरूनच घेतले आहे), आणि गटाचा खरा वेग शेवटून दुसऱ्या मुलाचा असतो, हे तिथूनच दिसते. शेवटचा मुलगा दमला की सगळे थांबतात, त्याची सॅक कोणीतरी घेते. त्याच्या पुढचा मात्र लाजेने काही बोलत नाही आणि तोच दुपारी तीन वाजता मटकन बसतो.

तुमचा दुसरा दिवस पाहा. रतनगडाच्या गुहेपासून शिड्या उतरून फाट्यावर येणे, तिथून दाट झाडीतून कात्राबाईच्या खिंडीकडे जाणे, खिंडीची खडी चढण, पलीकडची कुमशेतपर्यंतची उतरण आणि मग पाचनई. सराव असलेली चार-पाच माणसे हे सगळे एका दिवसात करतात, तेही संध्याकाळी पाय ओढत. आमच्या मोठ्यांच्या गटाला कुमशेतपर्यंतच सात तास लागले होते. शाळकरी गटासाठी मी मोठ्यांच्या वेळेची दीडपट धरतो, म्हणजे साडेदहा तास झाले. डिसेंबरात उजेड जेमतेम अकरा तास असतो आणि जंगलात तो त्याहून लवकर संपतो. म्हणजे कुमशेतलाच दिवस मावळला, पाचनई राहिलेच. अंधारात 28 मुले, ढोरवाटांनी भरलेले रान आणि पाठीवर भांडी, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणूही इच्छित नाही.

आता शिडीचा हिशेब. रतनगडावर गणेश दरवाज्याच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. त्या अवघड नाहीत, परंतु एका वेळी एकानेच चढायचे हा नियम मुलांच्या बाबतीत मोडू नये. सॅकसह एका मुलाला दोन मिनिटे धरली तरी शिक्षक मिळून 32 जणांना तास उलटून जातो, आणि तेवढाच उतरताना. त्यात नाताळच्या आठवड्यात मुंबई-पुण्याहून आलेले गट वरून खाली आणि खालून वर एकाच शिडीवर येतात. मी एकदा अशा रांगेत दीड तास उभा होतो. मुले सुरुवातीला गाणी म्हणत होती, मग चिडली, मग एकमेकांच्या सॅका ओढू लागली, आणि घसाऱ्याच्या उतारावर उभे राहून सॅक ओढणे हा प्रकार किती महागात पडू शकतो, ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. नाताळ सोडा; संक्रांतीनंतरच्या आठवड्यातले सोमवार ते गुरुवार घ्या. पहिल्या दिवशी सॅका रतनवाडीत ठेवून फक्त पाणी, डबा आणि विजेरी घेऊन रतनगड करा, नेढ्यात, म्हणजे कड्याला पडलेल्या आरपार भोकात, बसून वारा खा आणि संध्याकाळी रतनवाडीतच मुक्कामाला या. अमृतेश्वराचे देऊळ पाहायलाही निवांत वेळ मिळेल. तिथले कोरीवकाम घाईत पाहण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच निघून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, आणि मुक्काम तिथेच. तिसऱ्या दिवशी कुमशेत ते पाचनई एवढेच. चौथ्या दिवशी पाचनईच्या वाटेने, पुन्हा मोकळ्या पाठीने, हरिश्चंद्रगड चढून त्याच वाटेने उतरा.

खिरेश्वरची उतरण मी जाणूनबुजून वगळली आहे. गडावरून टोलारखिंडीपर्यंतचा पठारी भाग सतत चढ-उताराचा आहे, धुक्यात तिथे वाट चुकण्याचे प्रकार झालेले आहेत, आणि खिंडीच्या वरच्या कातळटप्प्यावर रेलिंग असले तरी दमलेल्या मुलांना चौथ्या दिवशी दुपारी तिथून उतरवणे मला योग्य वाटत नाही. कोकणकड्याशेजारच्या घळीतून खडी चढणाऱ्या नळीच्या वाटेचे नाव एखाद्या उत्साही माजी विद्यार्थ्याने काढलेच तर तो विषय तिथेच संपवा.

आणखी एक गोष्ट घरूनच ठरवून निघा. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत गट खिंडीत पोहोचला नाही, तर मागे फिरून रतनवाडीला उतरायचे. हा निर्णय आधी कागदावर लिहा, मुलांना सांगा, पालकांना सांगा. प्रत्यक्ष तिथे उभे राहून निर्णय घ्यायची वेळ आली की सगळ्यांना ‘अजून अर्धा तास बघू’ असेच वाटते, आणि शिक्षकाला तर जास्तच, कारण मागे फिरलो तर शाळेत काय सांगायचे, हा विचार डोक्यात असतो.

वैद्यकीय_अधिकारी_निवृत्त

वरील प्रतिसादातील वेळापत्रकाशी मी सहमत आहे. मी ग्रामीण रुग्णालयांत नोकरी केली असल्यामुळे केवळ आरोग्यापुरते लिहितो.

पहिला मुद्दा ओझ्याचा. या वयाच्या मुलांच्या पाठीवर वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार देऊ नये, असे मी सांगत आलो आहे. 45 किलो वजनाच्या मुलीसाठी ही मर्यादा नऊ किलोंवर येते. तीन लिटर पाणी म्हणजेच तीन किलो. रिकामी सॅक दीड किलो. स्लीपिंग बॅग आणि कॅरीमॅट मिळून दीड ते दोन किलो. कपडे, स्वेटर, ताट-वाटी, विजेरी यांचे दोन किलो. म्हणजे साडेआठ किलो इथेच झाले आणि अजून खाऊचा डबा आत गेलेला नाही. शिधा आणि भांडी मुलांच्या पाठीवर देण्यास जागाच उरत नाही. आपल्या वर्गात 35 किलोंचीही मुले असतील. त्यांचा हिशेब वेगळा करावा लागेल, म्हणून निघण्यापूर्वी शाळेत वजनकाटा आणून आधी मुलाला आणि मग भरलेल्या सॅकेला त्यावर ठेवावे.

दुसरा मुद्दा माहितीच्या फॉर्मचा. ‘माझा पाल्य पूर्णपणे निरोगी आहे’ या एका ओळीखाली सही घेण्याला काहीही अर्थ नाही. दमा, अपस्मार, मधुमेह, मधमाशीच्या दंशाची किंवा औषधाची ॲलर्जी, झोपेत चालण्याची सवय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, सुरू असलेली औषधे हे सगळे स्वतंत्रपणे विचारावे, आणि ही माहिती मूल द्यायला संकोचणार नाही अशा रीतीने, म्हणजे बंद पाकिटात, मागवावी. दम्याच्या मुलाचा इन्हेलर सॅकच्या तळाशी नव्हे, वरच्या कप्प्यात असावा आणि दुसरा एक शिक्षकाजवळ असावा. ताप किंवा अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल पुरेसे आहे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

तिसरा मुद्दा मधमाश्यांचा, कारण लोक सापाला घाबरतात, पण सह्याद्रीतल्या गडांवर आग्या मोहोळाचा हल्ला हा अधिक संभवणारा धोका आहे. अत्तर किंवा सुगंधी फवारे लावू नयेत, कड्याखाली आरडाओरड करू नये, धूर करू नये, दगड तर मुळीच मारू नये. माश्या उठल्याच तर हातवारे न करता तोंड-मान कापडाने झाकून त्या जागेपासून शक्य तितके लांब जावे, मात्र पळण्याच्या नादात कड्याकडे जाणार नाही, हे बघावे. काटे नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढावेत. चेहऱ्यावर सूज, अंगभर गांधी उठणे, उलट्या किंवा श्वासाला त्रास यांपैकी काहीही दिसले तर वाट न पाहता रुग्णालयाचा रस्ता धरावा.

सर्पदंशाबाबत थोडक्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडचे प्रतिविष चालते. ते रुग्णालयातच द्यायचे असते. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. अवयव स्थिर ठेवावा, मुलाला चालवू नये, उचलून आणावे. राजूर आणि अकोले येथील ग्रामीण रुग्णालयांत प्रतिविष शिल्लक आहे का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. 108 ची रुग्णवाहिका गावापर्यंत येईल, डोंगरात नाही. म्हणून गावापर्यंत मुलाला कसे आणणार, याचा विचार आधी झालेला असावा.

नव्या बुटांनी पायाला फोड येतात आणि चार दिवसांच्या चालीत फोड हेच सर्वाधिक आढळणारे दुखणे असते. कातडी लाल होऊन चुरचुरू लागताच चिकटपट्टी लावली तर फोड येत नाही; फोड आल्यावर लावून उपयोग नसतो. मुले सांगत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक थांब्यावर सगळ्यांना बूट काढायला लावावे.

भूगोलाच्या_बाई

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभारी आहे. साडेदहा तासांचा हिशेब वाचून माझे मलाच हसू आले, कारण वर्गात मी मुलांना नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष अंतर यांतला फरक शिकवते.

खिरेश्वर रद्द. नाताळही रद्द. परंतु दोन गोष्टी मनाला टोचतात. एक म्हणजे शिधा गाडीने गेला आणि मुक्काम गावात झाला, तर हा उपक्रम पुन्हा सहलीसारखाच होणार नाही का? आणि दुसरे, गडावर एकही रात्र नाही म्हणजे मुलांना कोकणकड्यावरचा सूर्यास्त आणि रात्रीचे आकाश दिसणार नाही. माझ्या आयुष्यातली ती रात्र मी अजून विसरलेले नाही.

अकोलेकर

बाई, मी याच अकोले तालुक्यातला. तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर देतो.

रतनवाडी, कुमशेत आणि पाचनई या तिन्ही गावांना गाडी येते, त्यामुळे सामान पुढे पाठवणे सोपे आहे हे खरे. पण शिधा नाशिकहून आणताच कशाला? आमच्याकडची माणसे, बहुतेक महादेव कोळी समाजातली, पाहुण्यांची जेवणाची सोय करतात. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, पिठले, वरईचा भात, ठेचा, हंगामात वालाची उसळ. तुमची मुले जे जेवतील त्याचे पैसे गावात राहतील. नाशिकहून आणलेल्या नूडल्सची पाकिटे मात्र रिकामी होऊन आमच्या ओढ्यात राहतात. दर सोमवारी आम्ही ती वेचतो.

दुसरे, वाटाड्या. कात्राबाईच्या खिंडीची वाट मोबाइलमधल्या नकाशावर रेघ दिसते म्हणून सोपी समजू नका. गुरे जिथून जातात तिथे वाट पडते, आणि गुरे हरिश्चंद्रगडाला जात नाहीत. पावसाळ्यानंतर कारवी वाढलेली असते, तेव्हा दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. एवढ्या गटाला दोन वाटाडे घ्या, एक पुढे आणि एक मागे. सड्या माणसाला एक पुरतो, मुलांना नाही. मुलांना वाटाड्याशी बोलू द्या. हिरडा कोणता, करवंदाची जाळी कुठली, शेकरूचे घरटे कुठे आहे, कुठल्या ओढ्याला माघात पाणी असते आणि कुठल्याला नसते, हे तो सांगेल. भूगोलाचा तास याहून वेगळा काय असतो?

पाण्याचेही सांगून ठेवतो. रतनवाडी सोडल्यावर खिंडीच्या चढणीत पाण्याचा भरवसा धरू नका. जानेवारीत झरे असतात, पण कुठला चालू आहे ते त्या आठवड्यात वाटाड्यालाच माहीत. गडावरच्या टाक्यांतले पाणी गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबूनच प्यायला द्या. आम्ही तसेच पितो म्हणून शहरातल्या पोटांना चालेल असे नाही.

हे अभयारण्य आहे. 1986 सालापासून. लाकूड तोडून शेकोटी करता येत नाही, आणि गावातल्या अंगणात शेकायचे तर घरधन्याला विचारून. रात्रीच्या मुक्कामाबाबत वनखात्याचे धोरण वेळोवेळी बदलते, तेव्हा भंडारदरा किंवा राजूरच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात शाळेच्या लेटरहेडवर पत्र देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘या की’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. प्रवेशाच्या नाक्यावर मात्र कागदच चालतो.

जुना_विद्यार्थी_नवा_पालक

मी थोडे विरुद्ध बाजूने लिहितो. नववीत असताना आमच्या शाळेने आम्हाला असेच डोंगरात नेले होते. त्या प्रवासातले मला गाव आठवत नाही, गड किती उंच होता ते आठवत नाही. रात्री गुहेच्या तोंडाशी पांघरूण घेऊन बसलो होतो आणि माझ्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या, वर्षभर कधी न बोललेल्या मुलाने त्याच्या घरची गोष्ट सांगितली, ते आठवते. सगळे धोके काढता काढता तेवढीच एक रात्र काढून टाकली, तर मुलांना काय दिले म्हणायचे? वनखात्याची परवानगी मिळाली, तर हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम ठेवावा, असे माझे मत आहे. पाचनईची वाट दोन-अडीच तासांची आहे, वाटेत रेलिंग आहे, आणि मंदिराच्या परिसरात माणसांची वस्ती असते. पिछाडीच्या माणसाने कृपया विचार करावा.

पिछाडीचा_माणूस

विचार केला. मुद्दा मान्य आहे, पण अटी घालतो.

परवानगी लेखी असेल, शनिवार-रविवार नसेल आणि तिसऱ्या दिवशी मुले ताजीतवानी असतील, तर कुमशेत ते पाचनई गाडीने करून दुपारपर्यंत गड चढावा आणि वर मुक्काम करावा. चालण्याचा एक तुकडा कमी होईल, पण त्या तुकड्यातला बराचसा भाग रस्त्यालगतचाच आहे, त्याचे दुःख नको.

कोकणकड्यावर मात्र माझे नियम फार कडक आहेत. कडा आत वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभ्या असलेल्याला आपल्या पायाखाली काय आहे ते दिसतच नाही, आणि वारा खालून वर येतो. जुने लोक पोटावर झोपून पुढे सरकत आणि मागचा माणूस पाय धरून ठेवी. शाळेच्या गटाने तेही करू नये. काठापासून दहा मोठी पावले मोजून तिथे दोरी आडवी टाकायची, दोरीच्या अलीकडे सगळ्यांनी बसायचे, बसूनच सूर्यास्त पाहायचा. मोबाइल शिक्षकांकडे जमा. फोटो एका शिक्षकाने काढायचे. सूर्य टेकला की लगेच परत, कारण मंदिरापर्यंतचे अंतर अंधारात चालायचे असते आणि त्या वेळी मुलांची मोजणी करणे सर्वांत अवघड जाते. मोजणीसाठी सोपी युक्ती आहे: प्रत्येकाला 1 ते 28 क्रमांक द्या आणि शिक्षकाने मोजण्याऐवजी मुलांनी आपापला क्रमांक ओरडायचा. कुठला क्रमांक आला नाही, ते दहा सेकंदांत कळते, आणि कोण आले नाही, हेही.

केदारेश्वराच्या गुहेत कमरेइतके गार पाणी असते. चार खांबांपैकी उरलेल्या एकाच खांबाकडे पाहून मुले भारावतात आणि मग पाण्यात उतरण्याचा हट्ट धरतात. जानेवारीच्या संध्याकाळी ओले कपडे म्हणजे रात्रभर कुडकुडणे. सकाळी ऊन आल्यावर, पाणी किती आहे ते पाहून, तेही बाहेरूनच दर्शन घ्यावे.

आता बाईंच्या मूळ शंकेकडे येतो, कारण मला ती या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते. शिधा पाठीवर घेतला म्हणजे सहल न राहता मोहीम होते, असे नाही. आखणी कोणी केली, यावर ते ठरते. आत्ता तुम्ही आखता आहात, आम्ही दुरुस्त करतो आहोत आणि मुले 28 नावांची यादी आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा मुलांच्या समोर पसरा, समोच्च रेषा तुम्ही शिकवताच. कुठे चढण खडी आहे, पाणी कुठे मिळेल, सूर्य किती वाजता मावळेल, बारा वाजता मागे फिरायचे तर कुठून, हे त्यांनाच काढू द्या. सात-सात जणांचे चार गट करा. प्रत्येक गटाचा एक शिक्षक, एक नकाशा, एक औषधपेटी, एक शिट्टी. रोज एका गटाने वेळ पाळायची, एकाने पाण्याचा हिशेब ठेवायचा, एकाने कचरा, एकाने स्वयंपाकघरात मदत. मी एका शाळेच्या मुलांना आदल्या महिन्यात असे बसवले होते, तेव्हा एका मुलीने मार्गातला एक टप्पा माझ्याशी वाद घालून बदलायला लावला. तिचे बरोबर होते. मी नकाशातली एक घळ पाहिलीच नव्हती.

दोन_मुलींची_आई

मी ट्रेक करणारी नाही, पण अशाच उपक्रमाला मोठ्या मुलीला पाठवले आहे, तेव्हा पालकसभेत काय विचारले जाईल ते लिहिते.

पहिला प्रश्न निवासाचा आणि शौचाचा असेल, आणि तो मुलींच्या आया उघडपणे विचारणार नाहीत. तो तुम्हीच आधी काढावा. गावात मुक्काम असेल तर मुलींची झोपण्याची खोली वेगळी आहे का, शौचालय चालू आहे का, पाणी आहे का, हे आधी स्वतः जाऊन पाहून यावे आणि सभेत तसे सांगावे. जंगलात जायची वेळ आली, तर पाण्यापासून लांब, वीतभर खड्डा करून, माती लोटून यायचे हे मुलामुलींना शाळेतच समजावून द्यावे. तिथे गेल्यावर सांगितले की हसण्यावारी जाते. पाळीचा विषयही तसाच. चार दिवसांत 13 मुलींपैकी काहींची पाळी येणारच. वापरलेले पॅड जंगलात पुरायचे नाहीत, जाळायचे नाहीत, बरोबर आणायचे. त्यासाठी प्रत्येकीला एक काळी, घट्ट बंद होणारी पिशवी द्यावी. मुलग्यांनाही देण्यात आली आणि ‘आपापला कचरा’ एवढेच सांगितले, तर कोणाकडे काय आहे याची चर्चा होत नाही. आमच्या मुलीच्या शिक्षिकेने असेच केले होते, आणि मला ते फार समंजसपणाचे वाटले.

दुसरा प्रश्न संपर्काचा. तिथे मोबाइलला सगळीकडे रेंज नसते, हे आधीच सांगा. ‘रोज रात्री नऊ वाजता शाळेच्या एकाच व्यक्तीकडून पालकांच्या मोबाइल गटावर एक निरोप येईल, उशीर झाला तर सकाळी सातपर्यंत वाट पाहावी’ असे ठरवले तर 28 घरांतून 28 अफवा निघत नाहीत.

तिसरा प्रश्न, नेणारे कोण? आपण एखाद्या संस्थेची मदत घेणार असाल तर महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार तिची नोंदणी आहे का, प्रमुखाचे गिर्यारोहणाचे आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कुठे झाले आहे, विमा कोणाचा आणि कशासाठी आहे, हे विचारायचा पालकांना हक्क आहे. एका आयोजकाने आम्हाला याच प्रश्नावर ‘ताई, आमचे वीस वर्षांत काही झाले नाही’ असे उत्तर दिले होते. आम्ही मुलीला त्या वेळी पाठवले नाही.

भूगोलाच्या_बाई

दोन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मधल्या काळात बरेच काही हलले.

शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज गेला आहे. राजूरला आणि भंडारदऱ्याला पत्रे दिली आहेत. उत्तर येईपर्यंत वरचा मुक्काम ‘परवानगीच्या अधीन’ असाच पालकांना सांगितला. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदतक्रमांक प्रत्येक गटाच्या औषधपेटीच्या झाकणावर आतून चिकटवला आहे. रविवारी सरावासाठी सगळ्यांना अंजनेरीला नेले. त्यात चार गोष्टी कळल्या. एका मुलाच्या सॅकमध्ये साडेतीन किलोंचा चिवडा आणि लाडवांचा स्टीलचा डबा निघाला. तो त्याच्या आजीने कपड्यांच्या खाली लपवून ठेवला होता. पाच जणांचे बूट अगदी कोरे होते. वर्गातला सर्वांत दणकट मुलगा, जो दमेल असे कोणालाच वाटले नसते, शेवटून दुसरा होता. आणि नकाशा घेऊन बसलेल्या तिसऱ्या गटाने असे सुचवले की दुसऱ्या दिवशी रतनवाडीहून सातऐवजी साडेसहाला निघावे, म्हणजे बाराच्या आत खिंड गाठताना न्याहारीला थांबता येईल. मी ते मान्य केले. पहिला अर्धा तास विजेरीच्या उजेडात, गावालगतच्या रुंद वाटेवर, वाटाड्यासह.

पालकसभेत पाचव्याच मिनिटाला ‘मोबाइल का नको?’ असा प्रश्न आला आणि शौचालयाचा कोणीही विचारला नाही. मी स्वतःहून सांगितल्यावर मागच्या रांगेतल्या तीन आया एकदम सावरून बसल्या.

एकच प्रश्न उरला आहे, तो अकोलेकरांसाठी. कुमशेतला रात्रीचे जेवण मुलांसह, वाटाड्यांसह 34 जणांचे होईल. एवढ्या भाकऱ्या एका घरी करता येतील का, की आम्ही भातावरच भागवावे?

अकोलेकर

भातावर भागवू नका, दिवसभर चाललेली पोरे आहेत. माणशी अडीच भाकऱ्या धरल्या तरी 85 होतात, आणि एका चुलीवर एका बाईने तेवढ्या भाजायच्या म्हणजे शेवटच्या पोराला रात्री अकरा वाजता ताट मिळेल. चार घरे धरू, म्हणजे घरटी वीस-बावीस आल्या. तुमचे सात-सातचे गट आहेतच, एकेक गट एकेका घरी जेवायला बसेल. नागली दळायला टाकावी लागते, तेव्हा चार दिवस आधी आकडा पक्का कळवा. कोणी भाकरी थापायला शिकतो म्हणाले तर त्याला चुलीपाशी बसू द्या, पण त्याच्या भाकऱ्या त्यानेच खायच्या.